खिळ्यावरची बॅट

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, संगणक विभाग आहे. तिथे बत्तीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे कुलूपताई म्हणत. हे नाव कुणी प्रेमाने दिलं नव्हतं, चिडवायलाच दिलं होतं. पण पुढे ते इतकं अंगवळणी पडलं, की एखाद्या कागदावर स्वतःचं खरं नाव दिसलं की ही कोण बाई, असा प्रश्न त्यांनाच क्षणभर पडायचा. त्यांचे यजमान सांगत, की घराबाहेर पडताना ही दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते आणि जिन्याच्या वळणावरून चौथ्यांदा बघायला परत जाते. यात थोडी अतिशयोक्ती आहे. चौथ्यांदा त्या यजमानांना पाठवत.

ताई नोकरीला लागल्या तेव्हा विभाग म्हणजे चार संगणक, पाच माणसं आणि एक खोली. ती खोली पूर्वी कर्मचाऱ्यांच्या करमणुकीची होती. टेबल टेनिसचं टेबल गोदामात गेलं, जाळी कुठे गेली कुणाला ठाऊक, चेंडू पुढची दोन वर्षं कपाटांखालून निघत राहिले, आणि मागे एक बॅट उरली. एका बाजूचं लाल रबर अर्धं सुटलेलं, मुठीला हिरवी नाडी. विभागप्रमुखांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते आधी शाळेत गणित शिकवायचे आणि अजूनही बोलताना खडू धरल्यासारखी बोटं धरायचे. मास्तरांनी दाराशेजारी एक खिळा ठोकला, त्यावर ती बॅट अडकवली आणि फर्मान काढलं.

"सगळ्यांच्या सामायिक फाईलला हात लावायचा असेल तर बॅट हातात पाहिजे. बॅट एकच आहे, म्हणजे एका वेळी एकच माणूस. बॅट नसताना फाईल उघडलेली दिसली तर मी तीच बॅट पाठीत घालीन."

झालं. त्या दिवसापासून विभागात बॅटचं राज्य सुरू झालं. काम अर्धवट असताना कुणाला चहाला जायचं असेल तर तो बॅट काखेत मारून जायचा. उपाहारगृहात रांगेत उभे असलेले रुग्णांचे नातेवाईक बघत राहायचे, की या लोकांना भरदुपारी खेळायला वेळ बरा मिळतो. एकदा ताई बॅट पिशवीत टाकून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची रजा. चार माणसं हातावर हात ठेवून बसली. शेवटी मास्तर स्कूटरवरून ताईंच्या दारात आले आणि ताईंच्या सासूबाईंना अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "सूनबाईंकडे आमची बॅट आहे." सासूबाईंनी सुनेकडे असं काही बघितलं, की पुढे कित्येक महिने घरात 'तुमच्या ऑफिसात नक्की करता तरी काय' हा विषय निघत राहिला.

पण त्या काळातली खरी फजिती वेगळी होती. ताईंनी एकदा बॅट घेतली, फाईल उघडली, कुठे काय बदलायचं ते बघितलं, कागदावर टिपून ठेवलं, आणि मग कुणी खोळंबायला नको म्हणून मोठ्या मनाने बॅट खिळ्यावर लावून डबा खायला गेल्या. परत येऊन पुन्हा नियमाप्रमाणे बॅट घेतली आणि टिपून ठेवल्याप्रमाणे सगळं लिहून टाकलं. मधल्या अर्ध्या तासात मास्तरांनी बॅट घेऊन त्याच जागी स्वतःचं काम लिहून ठेवलं होतं. ते पार पुसलं गेलं. ताईंची पाचावर धारण बसली.

"बघताना बॅट होती हातात?" मास्तरांनी विचारलं.

"होती."

"लिहिताना?"

"तेव्हाही होती."

"आणि मधे कुठे होती?"

"खिळ्यावर," ताई म्हणाल्या.

मास्तर रागावले नाहीत. बघायला घेतलं की लिहून होईपर्यंत बॅट सोडायची नाही, एवढंच म्हणाले, आणि पुसलं गेलेलं काम पुन्हा करायला बसले. ताईंनी कानाला खडा लावला. तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्या वयात लावलेला खडा जन्मभर टिकेल असं माणसाला वाटतं.

काही वर्षांनी नवी भाषा आली, ऑब्जेक्टची. तिच्यात प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वस्तू. वस्तूच्या पोटात तिची माहिती, आणि त्या माहितीपाशी जायचं तर वस्तूने ठेवलेल्या दारांतूनच. ताईंना ही भाषा फार आवडली. घरात शिस्त असावी तशी हिच्यात होती. त्यांनी या भाषेत डायलिसिसच्या खुर्च्यांची यादी लिहिली. खुर्च्या बारा, पाळ्या तीन, आणि कुठल्या खुर्चीवर कोण, ते या यादीत. यादीला चार दारं: खुर्ची रिकामी आहे का ते बघायचं, नाव घालायचं, नाव काढायचं आणि नावं मोजायची.

पण आता एकच प्रोग्रॅम एका वेळी अनेक कामं करायला लागला होता. प्रत्येक कामाचा धागा वेगळा, त्याला थ्रेड म्हणायचं. खिडकीवरून नाव घालणारा एक थ्रेड, संध्याकाळचा अहवाल काढणारा दुसरा. अहवाल नावं मोजत निम्म्यावर आलेला असायचा, तेवढ्यात खिडकीवरून एक नाव आत शिरायचं, आणि अहवाल लाल अक्षरं फेकून आडवा व्हायचा. आठवडाभर हे चाललं. मग ताईंनी यादीच्या चारही दारांना कुलूप बसवलं. एक थ्रेड कुठल्याही दारातून आत गेला, की तो बाहेर येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. अहवाल पडायचा थांबला. ताईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या जेवताखाता कुलुपांबद्दल बोलू लागल्या. कुलूपताई हे नाव त्याच महिन्यातलं.

डायलिसिसच्या खिडकीवर वहिनी बसायच्या. त्यांचे यजमान इस्पितळातच वायरमन होते, म्हणून त्या साऱ्या इस्पितळाच्या वहिनी. दोरीला बांधलेला चष्मा, मांडीवर थर्मास, आणि आवाज असा, की पलीकडचा माणूस फोनवर अर्धा शांत व्हायचा. कोण रुग्ण आहे ते त्या खोकल्यावरून ओळखायच्या. दुपारी मागच्या पायरीवर ताई आणि वहिनी एकत्र डबा खायच्या. वहिनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून ते आधी ताईंपुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "घे, तुझ्या कुलुपांना तेल." ताईंना आयुष्यात खूप चहा मिळाला, पण त्या झाकणातल्या चहाची चव पुन्हा कशाला आली नाही. हे त्या स्वतःच यजमानांना सांगत आणि सांगताना खिडकीबाहेर बघत.

रुग्ण वाढले तेव्हा दुसरी खिडकी उघडली. तिच्यावर एक नवे कारकून आले. आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी सहा नंबरच्या खुर्चीपुढे दोन माणसं उभी राहिली. दोघांच्या हातात छापील चिठ्ठी, दोन्ही चिठ्ठ्यांवर खुर्ची सहा, सकाळची पाळी. यादीत नाव एकाचंच, नव्या कारकुनांच्या रुग्णाचं. दुसरी चिठ्ठी वहिनींनी दिलेली, आणि तो रुग्ण होता वहिनींच्याच गल्लीतले एक काका. त्यांना त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं.

यादीचा प्रोग्रॅम बंद पडला तर यादीत नोंद न करता नुसती चिठ्ठी छापायची एक सोय होती. सगळ्यांचा संशय तिथेच गेला. ओळखीच्या माणसासाठी वहिनींनी खुर्ची भरलेली असताना चिठ्ठी छापली, असं ठरत आलं. अधीक्षकांच्या खोलीत चौकशी झाली. वहिनी एकच वाक्य बोलत होत्या, "मी रिकामी बघितली, मगच दिली."

अधीक्षकांनी ताईंना बोलावलं. एक खुर्ची दोघांना जाईल असं यादीत होऊ शकतं का, हा प्रश्न. ताई आदल्या दिवशी चारही दारं तपासून आल्या होत्या. प्रत्येकाला कुलूप होतं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "यादीला कुलूप आहे. माझ्या कोडमध्ये हे होऊच शकत नाही."

हे म्हणताना त्यांनी वहिनींकडे बघितलं नाही. मैत्रिणीची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर त्यांना त्या वेळी मैत्रिणीपेक्षा कुलुपांचा जास्त अभिमान होता.

वहिनींची बदली तळघरातल्या कपड्यांच्या कोठारात झाली. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डात पाठवायच्या. माणसं नाहीत म्हणून दुसरी खिडकी बंद झाली. त्यानंतर एक खुर्ची दोघांना कधीच गेली नाही, आणि 'वहिनी गेल्या आणि घोळ थांबला' हे वाक्य इस्पितळभर फिरलं. एकदा ते ताईंच्याही तोंडून निघालं. मागच्या पायरीवर त्या एकट्याच डबा खायला लागल्या, पुढे टेबलावरच खायला लागल्या. तळघराच्या जिन्याजवळ कधी वहिनी समोर आल्या तर दोघी मान हलवायच्या. दहा वर्षांनी वहिनी कोठारातूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला ताई गेल्या नाहीत. एक काम होतं, असं त्या सांगत.

त्या चौकशीला अशी अठरा वर्षं झाली. मास्तर वारले. संगणक बदलले, खोलीला रंग लागला, पण रंगाऱ्याला सांगून ताईंनी खिळा आणि बॅट जागच्या जागी ठेवली. त्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले आणि साहेबांनी सांगितलं, की पुढच्या लोकांसाठी सगळ्याची नीट टिपणं लिहून ठेवा. डायलिसिसच्या दोन खिडक्या आता पुन्हा सुरू होणार होत्या. निरोपाच्या मानपत्राचा मसुदाही आला होता. त्यात 'ज्यांच्या यादीने बावीस वर्षांत एकही चूक केली नाही' असं लिहिलेलं. ताईंनी तो मसुदा दोनदा वाचून खणात ठेवला होता. तिसऱ्यांदा वाचायचा मोह आवरत होत्या.

टिपणं लिहिता लिहिता त्यांना जुने दिवस आठवू लागले. वाचणाऱ्याला गंमत म्हणून त्यांनी बॅटची गोष्टही लिहिली. उपाहारगृहातली रांग, सासूबाई, डब्याच्या वेळची ती फजिती, मास्तरांचे प्रश्न, सगळं. लिहिताना एकट्याच हसल्या. मग पान उलटलं आणि खुर्ची कशी दिली जाते ते पायरीपायरीने लिहायला घेतलं. कुलूप लावते. रिकामी आहे का ते बघते. कुलूप काढते. कुलूप लावते. नाव लिहिते. कुलूप काढते.

पेन थांबलं. बघताना बॅट होती. लिहितानाही होती. मधे खिळ्यावर होती.

दारं एकेकटी बंद होती, पण एका दारातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरेपर्यंत यादी सताड उघडी होती. तेवढ्या वेळात दुसऱ्या खिडकीचा थ्रेड येऊन तीच खुर्ची रिकामी बघून जाऊ शकत होता. मग पहिली खिडकी नाव लिहिणार, चिठ्ठी छापणार, आणि दुसरी त्याच नावावर आपलं नाव लिहिणार. पहिलं नाव पुसलं जाणार, चिठ्ठ्या मात्र दोन. मी रिकामी बघितली, मगच दिली. वहिनींनी कोडमधली चूकच सांगितली होती, शब्दाला शब्द. घोळ थांबला तो वहिनी गेल्या म्हणून नाही, तर खिडकी एकच उरली म्हणून.

ताईंनी तीच सहा वाक्यं पुन्हा वाचली, तेच निघालं. तरीही त्या कुलूपताईच. त्यांनी दुपारी एका संगणकावर खोट्या दोन खिडक्या मांडल्या आणि दोघींना दहा हजार वेळा एकाच क्षणी सहा नंबरची खुर्ची मागायला लावलं. सतरा वेळा खुर्ची दोघींना मिळाली. त्यांनी त्यातल्या एका जोडीच्या चिठ्ठ्या छापल्या आणि पिशवीत ठेवल्या. मग चूक दुरुस्त केली. बघणं आणि लिहिणं मिळून एकच दार केलं, रिकामी असेल तरच लिही, आणि त्या अख्ख्या दाराला एक कुलूप. चार ओळींचं काम होतं. पुन्हा दहा हजार वेळा मागितलं, तेव्हा एकदाही दोन चिठ्ठ्या निघाल्या नाहीत.

अधीक्षक आता वेगळे होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, आता कशाला उकरून काढता? कुणाच्या लक्षात आहे? आणि तुमचा निरोप तोंडावर आलाय."

"त्यांच्या लक्षात असेल," ताई म्हणाल्या.

"मानपत्रात एक वाक्य आहे तुमच्याबद्दल. तेही काढावं लागेल मग."

"काढा. आणि हे पत्र घाला त्यांच्या फाईलला. मी लिहून आणलंय, तुमची सही आणि शिक्का पाहिजे."

ते वाक्य सोडताना त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. बावीस वर्षं त्या याच वाक्यावर जगल्या होत्या. पण पत्रावर शिक्का उमटल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. दोष यादीचा होता, यादी माझी होती, खिडकीवरच्या बाईंनी नियमाप्रमाणेच काम केलं होतं. पत्रात एवढंच होतं, मोठ्या अक्षरांत.

वहिनींचं घर सायकलदुरुस्तीच्या दुकानामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. ताईंना जिना चढताना धाप लागली, आणि ती सगळी जिन्याची नव्हती. दार वहिनींनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्म्याची दोरी तीच वाटत होती. बाहेरच्या खोलीत कॉटवर धुतलेल्या टॉवेलांचा ढीग होता आणि त्यांच्या घड्या इस्पितळातल्यासारख्या, कोपऱ्याला कोपरा लावलेल्या.

"ये," वहिनी म्हणाल्या. "बस. इतक्या वर्षांनी?"

ताई बसल्या आणि कुठलीही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. बॅट, दारं, दोन खिडक्या, सतरा वेळा. दोन चिठ्ठ्या कॉटवर ठेवल्या, पत्र ठेवलं. वहिनी टॉवेलाची घडी घालत ऐकत होत्या. एक झाला की दुसरा.

"चुकले मी, वहिनी," ताई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही सांगत होता तसंच झालं होतं."

"तू तेव्हा माझ्याकडे बघितलं पण नाहीस."

"नाही बघितलं."

"तेच लागलं होतं गं जास्त." वहिनींनी पत्र उचललं, वाचलं आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं. "पण मला यात नवीन काय आहे? मी केलं नव्हतं हे मला अठरा वर्षं माहीतच आहे. मला नको सांगूस. यांना सांग."

आतल्या खोलीत वायरमनदादा जमिनीवर बसून टेबलफॅन उघडत होते, त्याचा आवाज येत होता. वहिनींनी आवाज खाली आणला.

"त्या संध्याकाळी हे घरी आले आणि म्हणाले, जाऊ दे, आपल्या गल्लीतला माणूस, तुला नाही म्हणता आलं नसेल. मी काही धरून बसणार नाही. आणि खरंच, पुढे एका शब्दाने बोलले नाहीत. मला माफ केलं यांनी, कळलं का? जे मी केलंच नाही त्याची माफी. चांगला माणूस आहे, काय भांडणार त्याच्याशी? ती माफी घेऊन बसलेय मी इतकी वर्षं."

ताई उठून आत गेल्या आणि दादांसमोर बसल्या. दादांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे सगळं मोठ्याने आणि दोनदा सांगावं लागलं. दादांनी स्क्रूड्रायव्हर हातातच धरून ऐकलं.

"म्हणजे दोन बटणं आणि दिवा एकच?" त्यांनी विचारलं.

"तसंच. आणि जोडणी माझी होती, दादा. चुकीची."

"हिने काही केलं नव्हतं?"

"काहीही नाही."

दादांनी पत्र घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग उंबऱ्यात येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे बघितलं.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. बघितली, मगच दिली. तुम्ही म्हणालात, जाऊ दे."

ताई निघायला उठल्या, तेव्हा वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि कोपऱ्यातला थर्मास पुढे ओढला. झाकणात चहा ओतला. झाकण पूर्वीसारखं आधी ताईंपुढे धरलं. ताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

दादांनी पंखा बाजूला सारला, सगळे स्क्रू एका वाटीत गोळा केले आणि सरकत सरकत बायकोसमोर येऊन बसले, ज्या कानाने ऐकू येतं तो कान तिच्याकडे करून.

"आता सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"आठ वाजले होते," त्यांनी सुरुवात केली. "मी नुकतीच खिडकी उघडली होती."